वढ्यापल्याडची आरोळी

आमच्या निलंग्याकडं येळवसेला, म्हंजे वेळ अमावस्येला, घरात कुणी थांबत न्हाई. समदे शेतात. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, करायचं, आत पाच दगडांचे पांडव पूजायचे, मंग आंबील शिंपडत कोपीभवती फिरायचं आन् "ओलगे ओलगे" आरडायचं. आरोळी शेजारच्या शेतात गेलीच पायजे. तिकडून उलट आरोळी येती.

आरडायचा मान आज्जाचा. गुरुपादप्पाची आरोळी म्हंजे पार वढ्यापल्याड. पर औंदा घशाचं आपरेशन झालं आन् निस्ती घरघर उरली. माझा बाप, आप्पा, पुण्यात कामाला, सुट्टी न्हाई.

"मी आरडते," मी म्हणलं.

"पोरीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ न्हाई," आज्जा घरघरला.

हे मी पाळण्यात होते तवापासून ऐकत आले. शाळेत सरांवर आरडले, शाळा कायमची सुटली, तवाबी हेच.

आंबिलीचा लोटा दिला अमरनाथला. माझा चुलतभाऊ, दुसरीतला.

"ओलगे..." अमरनाथ म्हणला.

"सुरू कर की रे!" कोपीतून आज्जी वरडली. तिलाच ऐकू गेलं न्हवतं.

बांधापल्याडून वीरण्णाकाका बोंबलले, "गुरुपादप्पा! औंदा मांजर आणलंस का शेतात?"

समदे हसले. आज्जा न्हाई हसला. त्यानं मान ताणली, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा टरटरून फुगल्या. आन् निस्ती हवा निघाली.

माझं डोस्कंच सरकलं. बांधावर चढले.

"ओ काका! मांजर कुणाला म्हणता? या इकडं, दाखवते!"

हरभऱ्यातली पाखरं भुर्रकन उडाली. काकाच्या हातातली भज्जीची वाटी खाली.

मंग ध्यानात आलं, आज्जा मागंच हाय. म्हणलं, आता खाल्ल्या शिव्या.

आज्जानं माझ्याकडं बघितलं. मंग वढ्याकडं बघितलं, आवाज कुठवर गेला ते हुडकल्यागत. अमरनाथच्या हातातला लोटा काढून माझ्या हातात कोंबला.

"आन् उंबरा?" मला गप बसवतंय कुठं!

"शेताला कुठं हाय उंबरा, मंजे?" तो घरघरला. "म्हातारा झालो तवा सुचलं मला. पळ!"

मी पळाले! आंबील कोपीवर, कडब्यावर, निम्मी माझ्याच अंगावर. "ओलगे! ओलगे!" वढ्यापल्याडून उत्तर आलं. त्याच्याबी पल्याडून आलं. वीरण्णाकाकाचं तर लई जोरात.

दर फेऱ्याला आज्जा मागनं काठीनं पाठीत ढोसत राहिला.

"जोरात! अजून जोरात!"