न घासलेला रांजण

मित्रांनो, जुना मातीचा रांजण आहे मी, आणि आतून मला कुणी कधी घासलेलं नाही. हसू नका.

नाईलच्या पश्चिम काठावर, थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत माझं आयुष्य गेलं. रोज पहाटे देवापुढे धूप लावून मगच वाबखेतबाई माझं झाकण उघडत. त्यांची जवाची सौम्य बिअर वस्तीत नावाजलेली होती.

एका उन्हाळ्यात बाईंचे धनी वारले. पाठोपाठ बाईंचा हात मोडला. सणाला घरोघरचे लोक आपापल्या माणसाच्या थडग्यावर बिअर ओततात. धन्यांचा हा पहिलाच सण. "तुम्हाला तहानलेलं ठेवणार नाही," असा शब्द बाईंनी दिला होता. सण तीन दिवसांवर आला, आणि काम पडलं नव्या सुनेवर, हेरियावर.

भाकरी भाजण्यात हेरियाचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने बिअरच्या जाड भाकऱ्याही खरपूस भाजल्या, चुरून पाण्यात कालवल्या आणि माझ्यात ओतल्या. इतक्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी फसफस ऐकू यायलाच हवी. काहीच नाही.

शेजारच्या इयाने कान लावला. "काय गं, सासऱ्याला चिखल पाजणार की काय?"

हेरिया रडवेली झाली. "सासूबाई, मी तर छान भाजल्या हो!"

"तिथंच चुकलं, पोरी. बिअरच्या भाकरीचं पोट कच्चं ठेवायचं असतं. आतला जीवच जाळलास तू."

"मग हे ओतून देते. रांजण वाळूने घासून..."

"खबरदार!" कधी आवाज न चढवणाऱ्या बाई ओरडल्या. "ओत, पण घासू नकोस. माझ्या वीस वर्षांचं विरजण आहे त्याच्या अंगात."

वाळूची मूठ माझ्या तोंडाशीच थांबली.

हेरियाने नव्या भाकऱ्या केल्या, आतून कच्च्या. मोड आलेल्या जवाचं पीठ मिसळलं. फार तापून आंबट होऊ नये म्हणून मला ओलं फडकं गुंडाळून सावलीत ठेवलं. सगळं ओतून झालं, आणि हाती एकच दिवस उरला.

सणाची सकाळ झाली. नदीकडून ढोल वाजू लागले. झोळीत हात अडकवलेल्या बाईंनी माझ्या पोटाला कान लावला. हेरियाने श्वास रोखला. माझ्या भिंतीतून एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग सगळं अंगच फसफसलं.

"गाळणी आण," बाई एवढंच म्हणाल्या. डोळे मात्र भरून आले होते.

आज त्याही त्याच थडग्यात आहेत. दर सणाला हेरिया दोघांना माझ्यातली बिअर देते. काल तिच्या घरी सून आली. पोर मोठी टापटिपीची. हेरिया पाण्याला गेली आहे आणि सून मूठभर वाळू घेऊन माझ्याकडेच येते आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू घासण्याआधी घरच्यांना विचारा. तिच्यात कुणाचं तरी काही राहिलेलं असतं. मला बोलता येत नाही. कुणीतरी तिला सांगा.