पंख्यावर ढकललेली चूक

संगणकवाल्याची अक्कल त्या दुपारी कुठे चरायला गेली होती, देव जाणे! इस्पितळाच्या सर्व्हरला त्याने नवी डिस्क जोडली, तीही दोन केबलींनी. एक तुटलीच तर दुसरीवर काम चालावं म्हणून. अशा वेळी एकच डिस्क सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सला दोन नावांनी दोनदा दिसते. दोन्ही वाटा आधी एका नावाखाली बांधायच्या, मगच पुढचं काम. हे तो स्वतःच लोकांना शिकवत फिरायचा. पण नव्या डिस्कवर सगळे एक्स-रे हलवून झाले, तरी बांधायचं राहूनच गेलं. डिस्कच्या यादीत दुसरं नाव दिसलं, तसं गड्याला वाटलं, ही आणखी एक डिस्क, कोरी! संगणकाने विचारलंही, 'इथे आधीच काहीतरी आहे, पुसू?' याने न वाचताच हो म्हटलं. पुसली गेली ती एक्स-रेंचीच डिस्क.

वेगळी जपून ठेवलेली प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. मधले सगळे एक्स-रे गेले.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "डिस्क जळाली. वीज वरखाली झाली असणार."

एक्स-रे काढणाऱ्या ताईंचा चेहरा उतरला. त्या दिवशी सकाळीच त्यांनी सर्व्हरच्या विजेच्या बोर्डात आपला टेबलफॅन लावला होता. बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे झालं का रे?"

"बघू," तो म्हणाला. लाज कसली ती, तेव्हाच वाटायला हवी होती!

तीन दिवस ताई रोग्यांना परत बोलावत राहिल्या. खुबा मोडलेल्या एका आजोबांना चौघांनी उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं. आजोबा कळवळले, आणि ताई त्यांचा हात धरून म्हणाल्या, "माफ करा, माझ्या पंख्याने घात केला." दारात उभ्या असलेल्या याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो तसाच मागे वळला.

चौथ्या दिवशी ताईंनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "माफीपत्र लिहिलंय. राजीनामाही त्यातच आहे. तुझ्या कामातले शब्द तेवढे बरोबर आहेत का बघ."

त्याने दोन ओळी वाचल्या. अक्षरं दिसेनाशी झाली.

"ताई, पंख्याचा काही संबंध नाही. डिस्क जळालीच नाही. मी पुसली, माझ्या हाताने."

ताईंनी कागद उचलला, त्याची नीट घडी घातली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुसलीस ते पुसलीस," त्या म्हणाल्या, "पण तीन दिवस माझ्याशेजारी बसून जेवलास की रे."