मुठीतला हिरवा खडा

बंद मूठ उघडली आणि दुकानभर कौतुकाची कुजबुज फिरली.

तळहातावर हिरवागार खडा होता. आतल्या खोलीत तोच खडा लाल होता, हे मूठ उघडणाऱ्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आता त्या भेटेल त्याला सांगत होत्या. "लाल म्हणजे काय, डाळिंबाच्या दाण्यासारखा. स्वामींनी तो माझ्या मुठीत ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, उंबरठा ओलांडल्याशिवाय मूठ उघडू नका. बघा, गेला की नाही दोष?"

दोष गेला याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दागिन्यांच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ज्यांचा नंबर लागायचा होता ते होते, ज्यांचा लागून गेला होता ते होते, आणि ज्यांना काहीच झालं नव्हतं, पण गर्दी दिसली की थांबायची सवय होती, तेही होते.

आतल्या खोलीत बसणारे रत्नस्वामी अधूनमधून पडदा सारून बाहेर येत आणि चार शब्द ऐकवून जात. "हा दागिना नाही, हा तुमचा डॉक्टर आहे. फरक एवढाच की हा बिल लावत नाही." हे खरंच होतं, बिल दुकानाचे मालक लावत. "लाल म्हणजे शरीरात आग. हिरवा म्हणजे आग विझली. विझलेल्या आगीवर कुणी पाणी ओततं का? मग बऱ्या झालेल्या शरीरात औषध कशाला ओतता?"

"आणि घरी गेल्यावर परत लाल झाला तर?" कुणीतरी विचारलं.

"तर समजा, मनात शंका आली. शंका आली की माझ्याकडे या."

म्हणजे खडा हिरवा राहिला तर स्वामींचा गुण आणि लाल झाला तर तुमचा दोष. अशा धंद्यात कधी खोट येत नाही.

हे सगळं काउंटरमागून एक बाई रोज ऐकत होती. गिऱ्हाइकं तिला पारखीबाई म्हणत. कुणाला काय शोभेल हे तिला माणूस दारात दिसताच कळे. लग्नाला निघालेल्या मुलीसमोर ती गडद लाल खड्यांचा हार ठेवी. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना कानात बारीक निळे खडे देई, म्हणजे ते कुठल्याही कपड्यांवर चालतात. रोज ज्यांचे हात पाण्यात असत त्यांनी पाचूच्या अंगठीकडे बोट दाखवलं, तर ही सरळ सांगे, "ही नको. पाचू नाजूक असतो, वर्षभरात हिरमुसेल. सणासमारंभाला घालणार असाल तर घ्या म्हणेन."

आणि तिची एक पद्धत होती. समारंभाचा दागिना ती काउंटरवरच्या पिवळ्या दिव्याखाली धरी, कारण संध्याकाळच्या हॉलमध्ये तसाच उजेड असतो. रोजचा दागिना ती दारात नेऊन दिवसाच्या उजेडात दाखवी. मग मुद्दाम अदलाबदल करी. दुकानात गुलाबी वाटलेला खडा घरी जाऊन जांभळा निघाला, अशी तक्रार घेऊन तिच्याकडे कधी कुणी आलं नव्हतं. अख्ख्या दुकानात दोन्ही उजेडांत न दाखवलेली एकच वस्तू होती, स्वामींचा खडा.

स्वामी पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "मला पांढरा उजेड सोसत नाही." मालकांनी फर्मान सोडलं आणि आतल्या खोलीतली ट्यूब काढून तिथे तारेचा जुना पिवळा बल्ब पारखीबाईनेच लावून घेतला. बल्ब लागला त्याच क्षणी तिला खटकलं होतं. उजेडाप्रमाणे रंग पालटणारे खडे असतात हे तिला ठाऊक होतं. कारखान्यात बनवलेला तसा एक खडा तिने पूर्वी विकलाही होता, गंमत म्हणून, गंमत आहे असं सांगून. पण स्वामींचा खडा तिने एकदाही आपल्या दिव्याखाली धरला नाही. धरला असता तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर बोलावं लागलं असतं. मालक खूश होते, दुकान भरलेलं होतं. न बघणंच सोयीचं होतं.

इथवर तिचं निभावलं असतं. पण एक दिवस रांगेत तिची सख्खी मोठी बहीण येऊन उभी राहिली.

ताईला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून बरीच वर्षं एकही आली नव्हती. ताई घरी शिवणकाम करायची, मुलीला एकटीने वाढवायची आणि त्या गोळ्यांना कंटाळलेली होती. गोळ्यांनी झोप येते, मशीनवर डोळे मिटतात, असं ती नेहमी म्हणायची. काउंटरवर वाकून तिने हळूच विचारलं, "काय गं, खरं असतं का हे? तू रोज इथे असतेस म्हणून विचारते."

मालक दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पारखीबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लोकांना गुण येतो म्हणतात."

खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात. लोक म्हणत होतेच की. तिने ताईला बाजूला घेऊन "गोळ्या मात्र सोडू नकोस" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही राहून गेलं. उलट त्या खड्याला कोंदण कसं हवं हे तिने जीव लावून निवडलं. रोज घालायची अंगठी, म्हणून खडा खोल बसवायला लावला, म्हणजे शिवताना धागा अडकायला नको. ताईच्या बोटात ती अंगठी छान दिसली, आणि पारखीबाईला तेव्हा बरंही वाटलं.

पुढे काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. अंगठी हिरवी दिसते म्हणून ताईने गोळ्या सोडल्या. चहाचं आधण उतरवताना तिला फिट आली आणि उकळतं पाणी उजव्या हातावर सांडलं.

पारखीबाई इस्पितळात पोचली तेव्हा हात बँडेजमध्ये होता आणि ताई झोपेच्या इंजेक्शनखाली होती. सुजलेल्या बोटातून अंगठी कापून काढावी लागली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन तुकडे एका वाटीत घालून आणून दिले.

"गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?" त्यांनी विचारलं. "अशा एकदम सोडल्या तर फिट येणारच. हातावर निभावलं. रस्त्यात आली असती तर?"

पारखीबाईने वाटीत पाहिलं. वॉर्डातल्या पांढऱ्या उजेडात खडा हिरवागार होता. ताईचा हात भाजत असतानाही तो हिरवाच असणार.

शेजारी बाकावर ताईची मुलगी बसली होती, दहा वर्षांची, रडून रडून कोरडी झालेली. ती म्हणाली, "मावशी, हा लाल पण होतो. आईच्या उशाशी पिवळा दिवा आहे ना, त्याच्याखाली. म्हणजे आई स्वयंपाकघरात बरी आणि बेडरूममध्ये आजारी. असं कसं असेल? मी तर बाथरूममध्ये पण नेऊन बघितला."

"मग तू आईला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. आई म्हणाली, मावशीला विचार, तिला खड्यांतलं सगळं कळतं. म्हणून मी तुला फोन केला होता."

पारखीबाईला तो फोन आठवला. दुकानात गर्दी होती. मालक समोर होते. "लहान मुलांनी असल्या गोष्टींत बोलू नये" असं म्हणून तिने फोन ठेवला होता. तो फोन ती साफ विसरलीही होती. दहा वर्षांच्या पोरीने घरभर दिवे लावून जे तपासलं, ते जन्मभर खडे हाताळणाऱ्या बाईने तपासलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भाचीच्या तोंडाकडे बघवेना.

"तुझं बरोबर होतं," ती कशीबशी म्हणाली. "माझं चुकलं."

स्वामींच्या पुढच्या बैठकीला दुकान नेहमीसारखंच भरलं होतं. पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा आतून मूठ आवळून बाहेर आले. त्यांना मधुमेह होता आणि इन्सुलिनच्या सुया टोचून ते वैतागले होते. मूठ उघडली, खडा हिरवा. कुजबुज फिरली.

"आजोबा, जरा इकडे आणा," पारखीबाई म्हणाली. "घेण्याआधी दुसऱ्या उजेडात बघायचा असतो."

तिने काउंटरवरचा पिवळा दिवा लावला आणि दुकानाच्या पांढऱ्या ट्यूब बंद केल्या. आजोबांच्या तळहातावरचा खडा लाल झाला. त्यांनी हात असा झटकला की जणू निखाराच पडला.

"घाबरू नका. आजार परत आलेला नाही. ज्यांच्या बोटात या खड्याची अंगठी आहे त्यांनी सगळ्यांनी हात पुढे करा."

दिव्याभोवती हातांची गर्दी झाली. सगळे खडे लाल. तिने दिवा विझवून ट्यूब लावल्या. सगळे हिरवे. परत दिवा, परत लाल.

"म्हणजे आम्ही सगळे एकदम आजारी पडलो आणि एकदम बरे झालो?" एकाने विचारलं. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, आमचं नीट दिसलं नाही, आणखी एकदा करा ना."

रत्नस्वामी पडदा सारून धावत आले. "कुणाच्या तरी मनात अविश्वास आहे. अविश्वासाची सावली पडली की रत्न कोपतं."

"मग ते बटण दाबल्यावर का कोपतं?" आजोबांनी विचारलं. त्यांनी स्वतःच दिवा दोनदा लावून विझवून पाहिला. अविश्वास बटणाच्या तालावर येत-जात होता.

पारखीबाईने ते सगळ्यांना उलगडून सांगितलं. हा कारखान्यात बनवलेला खडा आहे. त्यातून हिरवा आणि लाल असे दोनच रंग नीट पार होतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल भाग जास्त असतो, म्हणून तो लाल दिसतो. ट्यूबच्या आणि दिवसाच्या उजेडात हिरवा जास्त असतो, म्हणून हिरवा. आतल्या खोलीत पिवळा बल्ब, बाहेर पांढऱ्या ट्यूब. मूठ बंद का ठेवायची, तर उंबरठ्यावर रंग पालटताना कुणाला दिसू नये म्हणून. खड्याला तुमच्या पोटातली साखर कळत नाही आणि डोक्यातली फिटही कळत नाही. त्याला फक्त दिवा कळतो.

मालक ओरडले, "बाई, तुमची नोकरी संपली." ते कुणी फारसं ऐकलं नाही. स्वामी आतल्या खोलीत पिशवी भरत होते.

आजोबा मात्र काउंटरपाशीच थांबले. "एक सांगा. तुम्हाला हे केव्हा कळलं?"

पारखीबाईला वाटलं होतं की हा प्रश्न येणार नाही. आला.

"पहिल्या दिवसापासून संशय होता," ती म्हणाली. "आतला बल्ब मीच लावून घेतला."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत. आम्ही तर तुमच्याकडे बघून आत जायचो. म्हटलं, पारखीबाई आहेत, खोटं काही खपू देणार नाहीत."

"नाही सांगितलं. माझ्या बहिणीलाही नाही. तिने गोळ्या सोडल्या आणि ती आज इस्पितळात आहे. ज्यांनी औषधं सोडली असतील त्यांनी इथून सरळ आपल्या डॉक्टरांकडे जा. आणि पुन्हा कुणी असं काही दिलं तर तपासा, विचारा. माणूस ओळखीचा आहे म्हणून सोडू नका. मलाही सोडायला नको होतं."

कुणी तिचं कौतुक केलं नाही. एक बाई तर अंगठी काउंटरवर आपटून गेल्या, आणि त्यांचा राग स्वामींपेक्षा हिच्यावरच जास्त होता. ते रास्तच होतं.

संध्याकाळी तिने ताईच्या खाटेशी बसून बल्बपासून भाचीच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं.

"त्या स्वामीवर माझा विश्वास नव्हता गं," ताई म्हणाली. "तुझ्यावर होता."

पारखीबाई रडली. माफ केलं असं ताई म्हणाली नाही. तिने डावा हात पुढे केला, गोळीचं पाकीट घेतलं, आणि ज्या गोळ्या वर्षानुवर्षं डोळे मिटून गिळल्या होत्या त्यांच्यावरचं नाव पहिल्यांदाच नीट वाचलं.

"डॉक्टरीणबाईंना बोलाव. झोप येते त्याचं काय करायचं ते मला विचारायचंय," ती म्हणाली. "आणि यापुढे तू काही आणून दिलंस तर तुलाही विचारणार आहे मी. हजार प्रश्न विचारीन."

"विचारायलाच हवेत," पारखीबाई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला उठली.