नस चढलेली नाही

अनुपमाच्या बाळंतपणाचा तो नववा दिवस. मंजुळाबाई तेलाची वाटी घेऊन खोलीत शिरली तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं, की पाठ-कंबर चोळायची, लेकराला न्हाऊ घालायचं आणि उन्हं तापायच्या आत घरी जायचं. पण अनुपमाच्या डाव्या पायाला तिची बोटं लागली आणि जागीच थांबली. पोटरी दगडासारखी टणक होती, कढत होती, आणि उजवीपेक्षा चांगली दीडपट झाली होती.

"कवापासून वं असं?"

"काल सांजपासून," अनुपमा दात आवळून म्हणाली. "आत्याबाई म्हणतात, नस चढली."

"चढलीच आहे!" दारातून तिची सासू शालूबाई म्हणाली. "चांगली रगडून उतरव. पोरीनं रात्रभर डोळ्याले डोळा नाही लावला."

आता ह्या धाड गावात सगळं नसच असतं बघा. मान आखडली की नस, पायाला मुंग्या आल्या की नस, आणि सिस्टर सुई टोचते तीही नसच. मंजुळाबाईही जन्मभर तेच म्हणत आली होती. पण अकरा वर्षांपूर्वी दायांचं शिबिर झालं, तिथल्या सिस्टरनं तिचंच मनगट धरून तिला दाखवलं. ही उडते ना, ती धमनी. हृदयाकडून जोरात रक्त आणते, म्हणून तिची भिंत जाड. आणि ही कातडीखाली हिरवी दिसते ती शीर. ती रक्त परत नेते. पातळ, मऊ, तिच्यात जोर म्हणून नाही. पायातलं रक्त वर जायचं तर पोटरीनं दाबून ढकलावं लागतं, आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरेच्या आत एकाच बाजूला उघडणारे बारीक पडदे असतात. बाळंतीण पडून राहिली, पोटरी हलली नाही, तर कधी कधी रक्त तिथंच गोठतं. "असा पाय रगडायचा नाही," सिस्टर म्हणाली होती. "गाठ सुटली तर शिरेतून वर हृदयात जाते, तिथून फुप्फुसात अडकते, आणि बाई हातची जाते."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मंजुळाबाईच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. कारण त्याच्या आदल्याच वर्षी, ह्याच घरात, शालूबाईची लेक महामाया बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचाही एकच पाय असा सुजला होता. मंजुळाबाईनं तो दोन दिवस मन लावून रगडला, आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीतून बाहेर येता येता पोरगी छाती धरून कोसळली ती उठलीच नाही. लोक म्हणाले, अटॅक. मंजुळाबाई गप्प बसली. शिबिरानंतरही गप्पच बसली. गावात तिच्या हाताचं नाव होतं, त्याच हातावर पोट होतं. आणि भीती वाटत होती, दुसरं काय!

"मी ह्या पायाले हात लावणार नाही," ती म्हणाली. "जीप बोलवा. बुलढाण्याले न्या हिले."

"काऊन? पाय सुजला म्हणून कोणी बुलढाण्याले जाते का?"

लेकराला घेऊन उभा असलेला अनुपमाचा नवरा प्रसेनजित मध्ये पडला. "मावशी, आज बाजार आहे. जीपीत उभं राहाले जागा भेटत नाही. आज जराशीक रगडून द्या, उद्या सकाळीच नेतो."

"उद्या नाही अन् जराशीकही नाही."

"राहू दे तिले!" शालूबाई तडकली. "लय भाव खाऊन राह्यली. माह्या हाताले का रोग झाला?" तिनं तेलाची वाटी उचलली आणि ती खाटेकडे निघाली.

मंजुळाबाई आडवी झाली. सत्तरीची बाई, अंगावर मूठभर मांस नाही, पण दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरून उभी राहिली. "मले तुडवून जा."

"पिसाळली का वं तू?"

मंजुळाबाईला कळत होतं, नुसतं नाही म्हणून ही ऐकायची नाही. आणि खरं सांगितलं तर धाडमध्ये पुन्हा एकही बाळंतीण आपल्या हाती कोणी देणार नाही. मागे खाटेवर अनुपमा कण्हली. गेलं खड्ड्यात ते नाव, मंजुळाबाई मनात म्हणाली.

"शालू, तुही महामाया अटॅकनं नाही गेली."

शालूबाईचा हात हवेतच राहिला. "तिचं नाव कायले काढतं?"

"तिचा पाय असाच होता. असाच गरम. म्या रगडला. पायातली गाठ वर गेली अन् तुही पोरगी गेली. तवा मले ठाऊक नव्हतं. पण अकरा सालांपासून ठाऊक आहे, अन् म्या तोंड उघडलं नाही. आता मार मले, पोलिसात दे, गावभर सांग. पण ह्या घरातून दुसरी पोर मी जाऊ देत नाही!"

शालूबाईनं वाटी खाली ठेवली, तेलाचा हात पदराला पुसला आणि मंजुळाबाईच्या थोबाडीत दिली. प्रसेनजित पुढे धावला. मंजुळाबाईनं ना गाल चोळला, ना पाटी सोडली.

"झालं तुहं?" ती म्हणाली. "आता जीप बोलाव."

शालूबाई लेकाकडे वळली. "प्रसेन, जीप आण," ती कशीबशी म्हणाली. "बाजारवाले बसले असतीन तं उतरव सारे."

जीप आली. अनुपमाला मागच्या सीटवर आडवं निजवलं, प्रसेनजित ड्रायव्हरशेजारी बसला. लेकराला मांडीवर घेऊन शालूबाई सुनेच्या उशाशी बसली. मंजुळाबाई खाली रस्त्यावरच उभी राहिली. तिला कोण चल म्हणणार होतं?

"आजपासून माह्या दारात येऊ नको," शालूबाई तिच्याकडे न बघता म्हणाली.

"नाही येत."

"अन् आता चढ लवकर. रस्त्यानं सारे खड्डे आहेत. पाय तू धर तिचा, हालू नको देऊ."

मंजुळाबाई चढली. तिनं तो पाय मांडीवर घेतला आणि बुलढाण्यापर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला, जराही न दाबता.