सायलेन्सरमधली कृपा

सकाळी सहालाच गल्लीत ही रांग! हातात वाट्या, बाटल्या, एकाच्या हातात तर दाढीचा मग. पांढऱ्या मोटारीमागे शिष्य उकिडवा बसला होता आणि सायलेन्सरच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. टप्, टप्.

"पाहा!" मागच्या सीटवरून गाडीबाबा गरजले. "आगीच्या पोटी पाणी! काळे कण दिसले तर भिऊ नका, ती तुमची जळालेली पापं!"

थोड्या वेळात ठिबकणं थांबलं. "उशिरा आले त्यांची श्रद्धाच कच्ची!" शिष्यानं सुनावलं.

एवढ्यात वाहनांचा धूर तपासणारी बाई तरातरा आली. कडेवर दोन वर्षांची लेक. श्वास घेताना पोरीच्या छातीत शिट्टी वाजत होती. आज उठल्यावर घरी तिनं डॉक्टरांच्या औषधाची बाटली पाहिली, तर तीन दिवसांत चमचाभरही कमी झालेली नाही. शेजारी पाण्याची बाटली, तळाशी काजळी. आणि रांगेत सासूबाई.

"आई, हे पाणी पाजलंत हिला?"

"हळू बोल गं! औषधानं काय दिवे लागले? या पाण्यानं शेजारणीचा गुडघा बरा झाला."

"गुडघा? पोरीला धड श्वास घेता येत नाहीये, आई!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर ती अशाच नळ्यांत यंत्राची सळई घालून विष मोजायची, आणि त्यातलंच घरी लेकीच्या तोंडात!

कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभी होती.

"काका, जरा चालू करा."

"अजून थंड आहे, ताई."

"थंडच हवी!"

इंजिन घरघरलं. मिनिटाभरात त्याही नळीतून टप्, टप्. तिनं शिष्याच्या हातातली वाटी हिसकावून खाली धरली.

"घ्या! कचराबाबांचं कृपाजल! इथं रांगसुद्धा नाही!"

हशा पिकला. "ती गाडी घाण आहे!" शिष्य किंचाळला.

"मग पाणी सारखंच कसं?" ती लोकांकडे वळली. "इंधन जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफ होतेच. नळी नि सायलेन्सर गार असले की वाफेचं पाणी होतं, थंड ताटलीवर होतं तसं. तापले की वाफ तशीच बाहेर जाते. थांबा, यांचीही कृपा आटेल. आणि पापं कसली? काजळी आणि गंज आहे तो!"

लोक थांबले. कचऱ्याच्या गाडीचं ठिबकणं हळूहळू बंद पडलं. कुणी हसलं नाही.

तिनं वाटी मोटारीच्या खिडकीपाशी नेली. "बाबा, घोटभर घ्या."

बाबांनी काच वर केली.

त्या काचेनं सगळं सांगितलं. दाढीच्या मगवाल्यानं मग गटारात उपडा केला. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"सकाळ-संध्याकाळ... तीन दिवस," त्या पुटपुटल्या. "सहा चमचे पाजले गं मी. माझ्या हातानं."

तिला ओरडायचं होतं. पण लेकीनं मान तिच्या खांद्यावर टाकली होती आणि शिट्टी वाजतच होती.

"घरून ती पाण्याची बाटली घ्या, आई. डॉक्टरांना दाखवू. लवकर चला."

देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण लेकराच्या तोंडात काही घालण्याआधी ते कुठून आलं, एवढं तरी विचारा. विचारल्यानं चिडेल तो देव नव्हे. काच वर करून बसलेला माणूस असतो तो.