मोरपंखी लोकर

महिन्यात तिसऱ्यांदा तेलाचा पंप बसला, तेव्हा रागवायलाही माझ्यात जोर उरला नव्हता.

सात नंबरची लेथ म्हणजे कारखान्यातल्या आमच्या शॉपमधलं रोजचं रडगाणं. जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, पकडून ठेवणाऱ्या सिलिंडरचं सील गेलेलं, नवं येतंय येतंय करत चार महिने उलटलेले, आणि तेलाची टपटप चालूच. खाली ट्रे ठेवायचा, पाळी संपताना साचलेलं तेल फडक्यातून गाळून परत टाकीत ओतायचं, ही आमची रीत. ती मीच पाडली. मशीनं अठरा आणि दुरुस्तीला फिटर मी एकटा, दुसरं काय करणार?

ही लेथ चालवायची ताई. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी सगळ्यांची ताईच. फोरमनचं सकाळपासून तोंड सुटलं होतं. उद्यापासून तिला भंगार निवडायला बसवतो, म्हणे तिच्या हाताला यशच नाही. मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. पहिला पंप गेला तेव्हा मी तिच्यावर खेकसलोही होतो.

आधीचे दोन पंप मी वरच्यावर बदलले होते. टाकी उपसायची म्हणजे कंबरेचा भुगा, म्हणून कंटाळा केला. या वेळी मुकाट्याने उपसली. पंप तळातून तेल ओढतो तिथली जाळी बाहेर काढली, तर तिच्यावर बोटभर जाड लोकर बसलेली. तेल आत जाणार कुठून? थोडी पिळून उजेडात धरली. रंग मोरपंखी.

त्याच रंगाचा टॉवेल मी दहा वर्षं अंगाला लावला होता. विरला तेव्हा बायकोने फाडून दोन तुकडे केले, तुमच्या तेलातुपाला होतील म्हणाली. ते मीच ताईला आणून दिले होते, गाळायला. वर ऐटीत सांगितलं होतं, कापड जाड आहे, बारीक कचरासुद्धा सुटणार नाही. आता त्या विरलेल्या कापडाचेच धागे तेलात सुटले होते.

तो गोळा नेऊन मी फोरमनच्या टेबलावर ठेवला.

"हा माझ्या घरचा टॉवेल," मी म्हणालो. "ताईने मी शिकवलं तेच केलं. रिपोर्टात माझं नाव लिहा."

त्याने गोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आधी टेबल पुसून घ्या म्हणाला. भंगाराचा विषय मात्र पुन्हा काढला नाही.

ताई तिचा कप्पा रिकामा करत होती. मी तिला सगळं सांगितलं. चूक माझी, मशीन तुझंच राहील, हेही सांगितलं. मला लाज वाटत होती. तिने कप्प्यातून टॉवेलचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"पहिला पंप गेला तेव्हा तुम्हीच ओरडला होतात ना काका, नीट गाळत जा म्हणून," ती म्हणाली. "तेव्हापासून मी दोनदा गाळत होते."