दुखवट्याला उशीर

"बाबा, मुलगा मारतो का तुम्हाला?" कर्जतच्या प्रांतसाहेबांनी विचारलं.

"न्हाई," सहादेव म्हणाला.

"जेवायला देत नाही?"

"देतो की. टायमावर देतो."

"मग त्रास काय आहे?"

सहादेव डोक्यावरची टोपी चाचपत राहिला. उभा जन्म एसटीच्या डेपोत, गाड्यांखाली उताणं पडून गेला होता. साहेबापुढं बोलायची सवय नव्हती. तक्रार लेकीनं, धनश्रीनं केली होती. ती मागून उठायला लागली, तसं साहेबांनी हातानंच तिला बसवलं.

"दाराला भायेरून कडी असती, साहेब."

"पडले-झडले म्हंजी?" मुलगा कल्याण घाईनं म्हणाला. "वय झालंय त्यांचं. मी बापाचं किती करतो, गावात विचारा कुणालाबी."

गाव खरंच त्याचं कौतुक करायचं. आई गेल्यापासून बापाचं सगळं त्यानं हातात घेतलं होतं. मोबाईलसुद्धा. कुणी भेटायला आलं की दारातूनच सांगायचा, "आत्ताच डोळा लागलाय अण्णांचा." आत सहादेव टक्क जागा असायचा. एकदा त्यानं आतून हाक मारली होती. पाहुणे गेल्यावर कल्याण पायाशी बसून रडला, "लोकांत माझी अब्रू काढता व्हय?" त्यानंतर सहादेवनं हाक मारणं सोडलं.

"माझी बहीन आल्ती, बनु. सोनईवरनं," तो आता म्हणाला. "आजारी हुती, तरी आली. आवाज ऐकला मी तिचा. ह्यानं दारातनंच लावून दिली. मग ती गेली, ते बी सांगितलं न्हाई मला. आत्याच्या मातीला का आला न्हाई, असं इचारत लेक भांडायला आली, तवा कळलं."

"त्यांना सोसलं नसतं म्हणून..." कल्याण पुटपुटला.

साहेबांनी पुढ्यातला अर्ज बाजूला सारला. मग म्हणाले, "बाबा, घर तुमच्या नावावर आहे. मुलाला घर सोडायचा आदेश मी देऊ शकतो. देऊ?"

सहादेवनं कल्याणकडे पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं मुडपली होती. एरवी सहादेवनं ती हात घालून सरळ केली असती.

"द्या," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर धनश्रीनं त्याचा हात धरला. "अण्णा, घरी सोडू?"

"सोनईला चल."

पोचेपर्यंत दुपार कलली. बनुच्या सुनेनं, पूजानं दार उघडलं. तिनं मुकाट्यानं पाणी दिलं, चटई टाकली. बनुला जाऊन महिने लोटले होते; घरात रडणं उरलं नव्हतं. पोरं टीव्हीपुढं हसत होती. पूजा लगबगीनं टीव्ही बंद करायला गेली.

"राहू दी, पोरी," सहादेव म्हणाला. "मी नुसता बसतो."

टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली.